भाचीला पर्यावरण शिकायचंय, पण गणित नको म्हणते

बिनकामाचा_मामा:
मंडळी, सल्ला हवाय. थोडं पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

भाचीचं शाळेचं शेवटचं वर्ष. परवा तिने घरात जाहीर केलं की विद्यापीठात 'नैसर्गिक संसाधने आणि पर्यावरण' याच विषयात पदवी घेणार. ताई म्हणते, झाडं लावायला पदवी कशाला लागते? दाजी काहीच बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणं आम्हाला बरोबर ऐकू येतं. आणि सगळं खापर माझ्या डोक्यावर, कारण ती दहा वर्षांची असताना दुर्बीण मी आणून दिली होती.

मी जन्मभर हिशेबतपासनीस. माझ्या लेखी नैसर्गिक संसाधन म्हणजे खाणीतला कोळसा आणि पर्यावरण म्हणजे ५ जूनचं पोस्टर. तरी तीन विद्यापीठांचे अभ्यासक्रम उतरवून घेतले आणि रात्री वाचत बसलो. डोकं गरगरलं. नाव तेच, पण एकीकडे विषय वनशास्त्राच्या विभागात, दुसरीकडे भूगोलात, तिसरीकडे अर्धीअधिक यादी रसायनशास्त्राची. कुठे मृदाशास्त्र सक्तीचं, कुठे पर्यावरण कायदा, कुठे सामाईक संसाधनांचं अर्थशास्त्र. हे सगळं एकच माणूस शिकतो?

खरी गोम पुढेच आहे. पोरीला जीवशास्त्र जीव की प्राण, आणि गणिताचं वावडं. "मामा, पर्यावरणात गणित असतंच कुठे?" असं तिने विचारलं आणि मी गप्प बसलो. इथे कुणी हे शिकलं असेल तर सांगा.

कावळा:
गणित नको असेल तर पर्यावरण नको. धागा संपला.

रानपाखरू:
कावळेबुवा, पोरीला घाबरवू नका. मीही गणितात काठावर पास होणाऱ्यांतली, आणि गेली कित्येक वर्षं पक्षी-प्राणी मोजूनच पोट भरतेय.

मामा, भाचीला एक कोडं घाला. तळ्यात मासे किती आहेत, तळं न उपसता सांग. उत्तर असं: १०० मासे पकडायचे, परावर खूण करायची, सोडून द्यायचे. काही दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. समजा ८० सापडले आणि त्यातल्या २० वर खूण आहे. म्हणजे जाळ्यात चौथा हिस्सा खुणेचा, तर तळ्यातही चौथाच हिस्सा खुणेचा धरायचा. तळ्यात साधारण ४०० मासे. त्रैराशिक आहे हो हे, तिला येतंच.

खरी मजा यानंतर. खूण गळून पडली तर? एकदा पकडला गेलेला मासा शहाणा होऊन जाळं चुकवायला लागला तर? मधल्या दिवसांत नवे मासे ओढ्यातून आले तर? प्रत्येक 'तर' आकडा वर किंवा खाली ढकलतो, आणि किती ढकलतो ते शोधणं म्हणजे आमची सांख्यिकी. मला शाळेतलं गणित कधी आवडलं नाही. हे आवडलं, कारण यात मासा होता.

मुरूम:
मी मृदाशास्त्रातला आहे, त्यामुळे माझं माप मातीच्या पारड्यात झुकणार हे आधीच कबूल.

आमच्या वर्गात निम्म्या पोरांना वाघ नाहीतर व्हेल वाचवायचे होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी हातात कुदळी दिल्या. मीटरभर खोल खड्डा, त्याची एक भिंत सुरीने तासून साफ केलेली. "काय दिसतं ते लिहा." आम्ही लिहिलं, तपकिरी माती. कागद परत. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला डोळे उघडले. वरचा वीतभर थर गडद, मुळांनी विणलेला, हातात घेतला की दाणेदार भुगा होणारा. त्याखाली फिकट पट्टा. त्याखाली लालसर थर, ढेकूळ फोडलं की आतल्या बाजू चकाकतात, कारण वरची बारीक चिकणमाती पाण्याबरोबर झिरपत येऊन तिथे लिंपली गेलेली. आणि अगदी तळाशी राखाडी मातीत गंजाचे ठिपके. सर म्हणाले, हे ठिपके बघा. वर्षातले काही दिवस पाणी इथवर चढतं, मातीतली हवा संपते, लोह विरघळून हलतं. पाणी उतरलं, हवा आली की परत गंजतं. खड्डा तेव्हा ठणठणीत कोरडा होता, आणि पाणी कुठवर येतं ते भिंतीवर लिहिलेलं होतं. त्या दिवसापासून माझा वाघ सुटला तो सुटलाच.

रंगसुद्धा नुसता तपकिरी लिहून चालत नाही. मन्सेलची रंगपुस्तिका असते, बारीक बारीक रंगीत चौकटींची. ढेकूळ ओलं करून चौकटीला भिडवायचं आणि '१० वायआर ३/२' असं नोंदवायचं, म्हणजे दुसऱ्या खंडातला माणूसही तोच रंग समजतो. पोत बघायचा तो बोटांनी. ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढायची. वाळू असेल तर पट्टी होतच नाही, पोयटा (वाळूहून बारीक, चिकणमातीहून जाड कण) रेशमासारखा लागतो आणि लगेच तुटतो, चिकणमातीची पट्टी पाच सेंटीमीटरच्या पुढे लोंबत जाते. पहिले दोन महिने आमचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा यांची तोंडं दोन दिशांना. नंतर हळूहळू बोटं शिकली.

आता मामा, भाचीच्या प्रश्नाचं उत्तर. सरळ उभ्या काचेची बरणी घ्या. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, खडखडून हलवा, ठेवून द्या आणि तिला घड्याळ घेऊन समोर बसवा. वाळू मिनिटभरात खाली. पोयट्याला काही तास. चिकणमाती बराच काळ तशीच लटकलेली. कणाचा व्यास दुप्पट झाला की खाली बसायचा वेग चौपट होतो, एवढंच सूत्र. ०.०५ मिलिमीटरचा कण दहा सेंटीमीटर अंतर पाऊण मिनिटात उतरतो, ०.००२ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला आठ तास लागतात. तळाशी बसलेल्या थरांची जाडी पट्टीने मोजली की त्या मातीचा पोत ढोबळमानाने कळला. गणित इथे असतं म्हणावं, बरणीत.

कावळा:
'धागा संपला' मागे घेतो. बरणी मी पण करणार.

तिरकस:
सगळे गोड गोड बोलताहेत म्हणून उलटी बाजू मांडतो. ही पदवी धड ना रसायनशास्त्र, ना भूशास्त्र, ना अर्थशास्त्र. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकलो, मग पाणी शुद्धीकरणात पदव्युत्तर केलं. आमच्याकडे पर्यावरणवाली पोरं येतात. हुशार असतात, सगळ्या विषयांवर दहा मिनिटं बोलतात. पण रोज एवढं पाणी येणार असेल तर गाळ बसवायची टाकी केवढी हवी, असं विचारलं की माझ्या तोंडाकडे बघतात. (मुरूम यांनी वर दिलेलं सूत्र तिथेच लागतं, गंमत म्हणजे.) आधी एक विषय घट्ट करा, पर्यावरण नंतर जोडा. मामा, दाजींचं न बोलणं रास्त आहे.

गळ_टाकून:
तिरकस, टाकीपुरतं मान्य. पण एकच विषय घट्ट असलेल्या माणसांनी काय होतं त्याची आमच्या मत्स्यशास्त्रात एक गोष्ट शिकवतात.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापुढे कॉड मासा शतकानुशतकं पकडला जात होता. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे साठ्याचा अंदाज बांधायला तज्ज्ञ होते, गणित होतं, संगणक होते. एक महत्त्वाचा आधार असा की मोठ्या जहाजांना तासाला किती मासा मिळतो. तो आकडा चांगला होता. पण मासा कमी झाला की उरलेला दाटीवाटीने एकत्र येतो, आणि यंत्रं घेऊन फिरणारी जहाजं नेमकी त्या घोळक्यावर जातात. तासाचा आकडा टिकून, साठा मात्र संपत चाललेला. किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे ओरडत होते की मासा बारीक झालाय, कमी झालाय. ते ओरडणं कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. २ जुलै १९९२ ला सरकारला मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांच्या वर लोकांचं काम गेलं. दोन वर्षांपुरती म्हणून लावलेली बंदी तीन दशकांहून जास्त टिकली.

गणित चुकलं नव्हतं हो. गणितात काय भरायचं ते चुकलं. होडीतल्या माणसाचं ऐकायचं की नाही, हे स्थापत्यात शिकवतात का?

तिरकस:
नाही शिकवत. मुद्दा पोचला. टाकीचं मत मात्र कायम.

सातबारा_नसलेला:
मामा, तुम्ही हिशेबतपासनीस ना? मग हा विषय तुमच्या जातकुळीचाच. 'टिकाऊ वापर' हा शब्द आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे, पण वनांच्या संदर्भात तो पहिल्यांदा नीट मांडला एका खाण-प्रशासकाने. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ, जर्मनीतलं सॅक्सनी, १७१३. धातू वितळवायला लाकूड, खाणीला टेकू द्यायला लाकूड, आणि आसपासचे डोंगर बोडके. तेव्हा त्याने लिहिलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. व्याज खा, मुद्दल राखा. त्याला पक्ष्यांचं काही पडलेलं नव्हतं, भट्टी विझायला नको होती.

पुढच्या वनाधिकाऱ्यांनी हा हिशेब फारच मनावर घेतला. मोजायला सोपं म्हणून एकाच जातीची, एकाच वयाची स्प्रूसची (एक सूचिपर्णी झाड) झाडं, रांगेत. पहिलं पीक जोरदार. दुसऱ्या फेरीला अनेक ठिकाणी वाढ खुंटली, वारा-किडीपुढे जंगल टिकेना. वाळलेली फांदी, पालापाचोळा, झुडपं हे सगळं वहीत 'किंमत शून्य' होतं ना, म्हणून काढून टाकलं होतं. माझ्या मते या पदवीचा निम्मा अभ्यासक्रम म्हणजे वहीत न धरलेल्या नोंदी शोधणं.

कुरणवाली:
वरच्याला जोडून. १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांचा तो प्रसिद्ध लेख आला: कुरण सगळ्यांचं असेल तर प्रत्येक जण आणखी एक गुरू सोडतो आणि कुरण उजाड होतं. म्हणून एकतर खासगी करा, नाहीतर सरकारने ताबा घ्यावा. पहिल्या वर्षाला हे वाचलं की डोक्यात पक्कं बसतं. दुसऱ्या वर्षाला एलिनॉर ऑस्ट्रॉम वाचायला देतात आणि पक्कं बसलेलं उखडतं.

या बाईंनी जगभरची खरीखुरी कुरणं, कालवे, मासेमारीची गावं तपासली. स्वित्झर्लंडमधलं टॉर्बेल नावाचं डोंगरातलं गाव घ्या. तिथला १५१७ चा नियम आहे: हिवाळाभर स्वतःच्या वैरणीवर जेवढ्या गाई पोसू शकाल, तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर न्या. किती साधं! गोठा दिसतो, वैरण दिसते, शेजारी मोजू शकतो, खोटं बोलायला जागा नाही. कुणी खासगी केलं नाही, कुणी सरकारी केलं नाही, आणि कुरण शतकानुशतकं टिकलं. २००९ ला त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

भाचीला सांगा, जीवशास्त्र आवडतं हे छान, पण गवतापेक्षा गवताचे मालक समजायला जड जातात.

बिनकामाचा_मामा:
बाप रे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! टॉर्बेलचा नियम दाजींना वाचून दाखवला. "हा तर ताळेबंद झाला," म्हणाले. दोन दिवसांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

आता दोन शंका. नोकरी काय मिळते, आणि तीन अभ्यासक्रमांतला बरा कुठला ते ओळखायचं कसं? बरणी भाचीने लावली आहे. वाळू खरंच मिनिटात बसली.

रानपाखरू:
नोकरीचं खरं सांगते, साखर न लावता. बरीचशी कामं वनखाती, पाणीपुरवठा, खाणींची जमीन पूर्ववत करणं, प्रदूषण नियंत्रण आणि सल्लागार कंपन्या यांत असतात. सल्लागार कंपन्यांचं काम मुख्यतः पर्यावरणीय परिणामांच्या अहवालांचं. असा अहवाल आधी करून मग बांधकाम, ही पद्धत अमेरिकेच्या १ जानेवारी १९७० च्या कायद्याने सुरू झाली आणि नंतर बहुतेक देशांनी उचलली. पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही पहाटे उठून यादी करता आणि रात्री तक्ते भरता.

माझा एक अनुभव, कंपनीचं नाव नको. एका नियोजित रस्त्यासाठी मी पक्ष्यांची पाहणी केली. मधोमध पाणथळ जागा, स्थलांतरितांची उतरायची. माझ्या कच्च्या अहवालात ती दोन पानं होती. छापील अहवालात एक ओळ: 'हंगामी साचलेले पाणी'. साहेबांना विचारलं तर म्हणाले, पानं जास्त होत होती. मी नोकरी लगेच सोडली नाही, हप्ते होते. पण त्यानंतर प्रत्येक नोंदीला तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश आणि फोटो जोडायला लागले. फोटो असला की एका ओळीत गुंडाळणं जरा अवघड जातं. भाचीला हे वर्गात कुणी सांगणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

पिक्सेल:
आजकाल बऱ्याच जागा उपग्रह चित्रं वाचणाऱ्यांना आहेत, तेही बघा. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेतला पहिला १९७२ मध्ये गेला, २००८ पासून मालिकेची सगळी चित्रं फुकट आहेत. अरल समुद्र आटत गेला ते त्यात वर्षागणिक दिसतं. १९६० च्या दशकापासून त्याला मिळणाऱ्या दोन्ही नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं, आणि जगातल्या चौथ्या क्रमांकाच्या सरोवराचे तुकडे झाले.

पण खुर्चीतून उठायला लागतं. मी पदवीच्या प्रकल्पात एका डोंगराळ भागात एकवीस नवी तळी 'शोधली'. संगणकाने निळी रंगवून दिली, मी खूष. प्रत्यक्ष जाऊन बघितलं तर पहिल्या पाच ठिकाणी कोरडं माळरान. ढगांच्या सावल्या होत्या. चित्रात पाणीही काळं, सावलीही काळी. उरलेल्या सोळांना गेलोच नाही, लाज वाटली.

भूजलवाला:
पिक्सेल, माझी लाज याहून मोठी. तिसऱ्या वर्षी दोन महिने विहिरींच्या पाण्याचे नमुने गोळा केले. बाटल्यांवर क्रमांक शाईच्या पेनाने. शेवटच्या दिवशी पाऊस लागला, खोक्यात पाणी शिरलं, आणि प्रयोगशाळेत उघडलं तर चाळीस कोऱ्या बाटल्या. मॅडम रागावल्यासुद्धा नाहीत. खिशातून शिसपेन्सिल काढून माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेल्या. पेन्सिल भिजली तरी पुसत नाही. ती अजून माझ्या टेबलावर आहे.

बाकी भाचीला सांगा, भूजलाचं अख्खं शास्त्र ज्या नियमावर उभं आहे तो १८५६ मध्ये ऑन्री डार्सी यांनी फ्रान्समधल्या दिझों शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात, वाळू भरलेल्या नळकांड्यातून पाणी सोडून काढला. साधा गुणाकार-भागाकार आहे.

मुरूम:
अभ्यासक्रम निवडायचं माझं गणित, मामा. नाव आणि विभाग सोडून द्या. वर्षात किती दिवस बाहेर नेतात ते विचारा. आकडा न सांगता नुसतं 'भरपूर' म्हणाले तर समजा दोन. सांख्यिकी दुसऱ्या वर्षाच्या आत आहे का बघा, कारण शेवटच्या वर्षी शिकून प्रकल्पाला उपयोग नाही. मागच्या मुलांचे प्रकल्प अहवाल वाचायला मागा. त्यांत स्वतः घेतलेली मोजमापं आहेत की इकडचं तिकडचं उतरवलंय, हे तुम्हाला पाच मिनिटांत कळेल, धंदाच तुमचा तो.

आणि एक विचारायला विसरू नका: वर्षानुवर्षं मोजत असलेली एखादी जागा त्यांच्याकडे आहे का? इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्राच्या ब्रॉडबॉक शेतात १८४३ पासून गव्हाचा एकच प्रयोग चालू आहे, जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपून ठेवलेत. हवाई बेटांवरच्या मॉना लोआ ज्वालामुखीवर १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दशलक्षात ३१५ च्या आसपास होता, आता ४२० च्या वर आहे. एवढं भव्य सगळीकडे कुठून असणार? पण मागच्या आवारातल्या ओढ्याची दहा वर्षांची वही जरी असली तरी मी तिथेच पाठवीन.

तिरकस:
हे मात्र शंभर टक्के. आणि त्या विद्यापीठात स्थापत्याचे एक-दोन विषय ऐच्छिक म्हणून घेता येत असतील तर घ्यायला सांगा. टाकी विसरू नका.

बिनकामाचा_मामा:
विचारतो. उद्याच दोन ठिकाणी फोन लावतो, 'भरपूर' म्हणतात का बघू.

भाचीची तक्रार आहे. दुसरा दिवस उजाडला तरी बरणीतलं वरचं पाणी गढूळच. म्हणते, आठ तासांत दहा सेंटीमीटर हिशेबाने आता स्वच्छ व्हायला हवं होतं, बरणी तर पंधरा सेंटीमीटरचीच आहे. तिने तक्ता केलाय. होय, तिने, स्वतःहून.

मुरूम:
वा! तिला सांगा, ०.००२ ही चिकणमातीची वरची हद्द आहे, त्याहून कितीतरी बारीक कण त्यात असतात. शिवाय सगळ्यांवर ऋण भार, एकमेकांना ढकलत राहतात, गोळा होत नाहीत. आता त्यात चमचाभर मीठ घालून हलवायला सांगा आणि परत घड्याळ लावा.

बिनकामाचा_मामा:
घातलं. आधी फुटक्या दुधासारखे गुठळे झाले, मग सगळं खाली. अर्ध्या तासात आरपार दिसायला लागलं.

आता ती विचारतेय, नदी समुद्राला मिळते तिथे पण असंच होतं का?

मुरूम:
होतं. खारं पाणी लागलं की गाळ गुठळ्या होऊन बसायला लागतो, मुखाजवळ साचणाऱ्या गाळाचं ते एक कारण. मामा, तिला इथे खातं काढून द्या, मधे निरोप कशाला?